शहर पानावरचा ‘भामटा’

31 ऑगस्टची रात्र. सोलापूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवर शहर पान माझ्याकडे होतं. साडेनऊला प्रूफ हातात आलं. वरच्या घडीत विमुक्त दिनाची (ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती त्या कायद्यातून सुटल्या तो दिवस) बातमी, सेटलमेंट या त्यांच्या वस्तीतल्या कार्यक्रमाची, सोबत विमुक्त जातींच्या नावांची चौकट: बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, राजपूत भामटा, रामोशी, वडार… चौकटीला खेटून सिंगल कॉलमात गुन्ह्याची बातमी. मथळा: ‘भामट्यांनी वृद्धेचे गंठण लांबवले’.

तोच शब्द डावीकडे लोकांच्या जातीच्या दाखल्यावरचं नाव, उजवीकडे चोर. सकाळी हे पान त्याच वस्तीत टाकलं जाणार होतं.

ऑपरेटर म्हणाला, “सर, फाइंड-रिप्लेस मारू का? भामटाच्या जागी चोरटा.”

“अजिबात नको. आधी काय होईल ते बघ.”

मराठीत नामाला विभक्ती लागली की रूप बदलतं. ‘भामटा’ शोधलं तर मथळ्यातलं ‘भामट्यांनी’ सापडतच नाही, कारण ‘ट’नंतर काना नाही, हलन्त आणि ‘य’ आहे. म्हणजे मथळा जसाच्या तसा राहिला असता आणि बदल फक्त चौकटीत झाला असता: ‘बेरड, चोरटा, कैकाडी… राजपूत चोरटा’. शोधायचं तर ‘भामट’ एवढंच टाकावं. मग भामटे, भामट्याला, भामटेगिरी सगळं हाती लागतं. आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी वाचूनच बदलावी.

दुसरी गोष्ट, ‘चोरटा’ हा इथे उपायच नव्हता. मजकूर वाचला तर दोघेजण ‘आम्ही पोलिस आहोत, पुढे तपासणी चालू आहे, दागिने काढून पुडीत ठेवा’ असं सांगून पुडी बदलून गेले होते. ही साधी चोरी नव्हे. लोकसेवक असल्याची बतावणी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 204, फसवणूक म्हणजे 318(4). पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ‘दोन अनोळखी इसम’ असं होतं. ‘भामटा’ आमच्याकडच्या सवयीने घुसला होता. मथळा केला: ‘तोतया पोलिसांनी गंठण पळवले’. ‘वृद्धेचे’ खाली पहिल्या ओळीत नेलं, मथळा कॉलमात बसला. आणि कोणापासून सावध राहायचं हेही वाचणाऱ्या आजींना कळलं, जे ‘भामट्यां’मधून कधीच कळत नाही. हा एकच शब्द आपण तोतया, ठकसेन, पाकीटमार, लोन-ॲपवाला अशा सगळ्यांना चिकटवतो.

शब्द रूढ आहे, कोणाच्या मनात जात नसते, असं डेस्कवर नेहमी म्हटलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात ती नसते हे मला मान्य आहे. पण हा शब्द सोलापुरात छापला जातो. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला. 1911 आणि 1924ला कायद्याची नवी रूपं आली. सेटलमेंट ही इथली काटेरी तारेच्या कुंपणातली वसाहत, जिथे हजेरी द्यावी लागे आणि जिथून गिरण्यांना कामगार जात. 31 ऑगस्ट 1952ला कायदा रद्द झाला, पण 1959मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांच्या रांगेत बसवणारी कलमं सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024ला उडवावी लागली. अशा गावात मथळ्यातला ‘भामटा’ निव्वळ रूढ शब्द उरत नाही.

कायद्याचा धाकही इथे नाही. भामटा, टकारी, सोलापुरातले कैकाडी हे विमुक्त जातींत येतात. ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. (कैकाडी विदर्भाच्या बऱ्याच जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, इथे नाहीत.) म्हणून हे काम डेस्कनेच करायचं.

पान गेल्यावर आम्ही आणखी शब्द काढून बसलो. ‘उचल्या’ हेही जातीचं नाव, आणि ते शोधणं सगळ्यात किचकट. नुसतं ‘उचल’ टाकलं की उसाची ‘पहिली उचल’ हजारोंनी वर येते. तिथे ‘उचल्या’ आणि ‘उचलेगिरी’ असे पूर्ण शब्दच शोधावेत. ‘टोळी’चंही तसंच: ऊसतोड टोळी निर्दोष, पण ‘पारध्यांची टोळी’ लिहिलं की चार आरोपींचा गुन्हा अख्ख्या समाजावर जातो. ‘बेरड’ निर्लज्ज या अर्थाने अग्रलेखातसुद्धा सापडतो. तिथे निर्ढावलेला लिहावं. ‘चांभारचौकशी’ला नसत्या चौकशा, ‘घिसाडघाई’ला घाईगर्दी. शेवटच्या शब्दावर वाद झाला. माझं मत असं की घिसाडी लोहारांच्या हाताला बेफिकीर ठरवणारा शब्द आहे, तो जावा.

सगळेच शब्द काढायचे नाहीत, नाहीतर लिहिताच येणार नाही. ‘सभेत गोंधळ’ राहू द्या. गोंधळ हे तुळजाभवानीच्या विधीचं नाव आहे, गोंधळ्यांवर त्यात आरोप नाही. ‘हजामत केली’ही राहू द्या, ते कामाचं नाव. मी बघतो ते एवढंच: शब्द आज कोणाच्या दाखल्यावर जात म्हणून आहे का, आणि तो दोष चिकटवतो का. दोन्ही असेल तर शब्द बाद.

जुन्या अंकांचं काम राहिलं आहे. ते श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये टाइप केलेला ‘भामट’ तिथे लागत नाही. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, त्यात जोडाक्षरं बिघडतात आणि नेमका ‘ट्य’ तुटतो. म्हणून तुटलेली रूपंही शोधयादीत घालावी लागतात.

दुसऱ्या दिवशी क्राइम रिपोर्टरला आणखी एक गोष्ट सांगितली. घटना तिथे घडली नसेल, तर संशयिताच्या नावापुढे ‘रा. सेटलमेंट’ लिहायचं नाही. तो म्हणाला, “सर, बाकीच्यांचं पेठेचं नाव लिहितोच की आपण.” मग नियम सगळ्यांनाच लावला: घटनास्थळ द्यायचं, आरोपीची पेठ नाही.