लोणचं इंदूरलाच राहिलं

आज पुण्याला परतताना इंदूर विमानतळावर सिक्युरिटीत अडकले. आईने कैरीचं लोणचं स्टीलच्या डब्यात भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन रबरं लावून माझ्या हातातल्या पिशवीत कोंबलं होतं. मोठी बॅग केव्हाच चेक-इन झालेली. एक्स-रेमधून पिशवी गेली आणि लगेच, "मॅडम, इसमें क्या है?"

डबा उघडला. अख्ख्या रांगेला मोहरी-हिंगाचा वास! मागचे काका म्हणाले, "वा, घरचं दिसतंय." पण अधिकारी ठाम: तेल आणि तिखट, हातातल्या सामानात लोणचं जात नाही. बाई भल्या होत्या, फेकायला लावलं नाही. म्हणाल्या, कोणी सोडायला आलं असेल तर परत द्या. भाऊ अजून पार्किंगमध्येच होता, बिचारा धावत आला. लौंग शेवेची दोन पाकिटं मात्र निमूट सुटली. (छप्पन दुकान या इंदूरच्या प्रसिद्ध खाऊगल्लीतली नाहीत, आमच्या गल्लीतली. जास्त चांगली.) जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, नशिबाने मोठ्या बॅगेत होतं, नाहीतर तिखटाची पूड म्हणून तेही गेलं असतं.

आत्ता घरी पोचले. भावाने फोटो पाठवलाय: गरम पोळी, आणि शेजारी माझं लोणचं.