सोमवारी निघालो, सोमवारीच पोहोचलो

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर नेटवर शोधलं की साधारण १२,४०० किलोमीटर असा आकडा येतो. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर भरेल तेवढं, आणि तो दोरा जातो आर्क्टिकवरून. आमचं विमान मात्र पहाटे चारला उडालं ते थेट पूर्वेला वळलं. अमेरिका पश्चिमेला, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे समोरच्या नकाशावर म्यानमार, चीन, जपान सरकताना बघून गंमत वाटत होती.

एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरात ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमानं अटलांटिकवरून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकची वाट धरली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि तरी वेळ दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! ही सगळी वाऱ्याची करामत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. समोरून आला तर विमान रखडतं, पाठीशी असला तर पळतं. मागच्या रांगेतले एक काका ‘पृथ्वी फिरते ना, त्याचा फायदा’ असं समजावत होते. तसं काही नसतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. पण एवढ्या पहाटे वाद कोण घालणार!

खरी मजा घड्याळाची. शेजारी सांगलीच्या एक काकू होत्या, लेकीच्या बाळंतपणाला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला निघालेल्या. त्यांचा सोमवारचा उपास. म्यानमारच्या आसपास उजाडलं, तेव्हा त्यांनी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा मला दिला. जपान मागे पडल्यावर तासा-दीड तासात सूर्य मावळलासुद्धा. पूर्वेकडे पळणाऱ्या विमानात दिवस असा आखूड होतो. काकूंनी हात जोडले, एअर होस्टेसकडून व्हेज जेवण मागून घेतलं आणि वरणभातावर उपास सोडला.

पुढे तासाभरात पॅसिफिकमधली आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की वार एक दिवस मागे जातो. म्हणजे बाहेर रविवारची रात्र.

“मग मी रविवारी सोमवार सोडला की काय?”

“नाही काकू, सोडलात तेव्हा सोमवारच होता. आता रविवार आहे. उतरू तेव्हा परत सोमवार.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लेकीकडे कालनिर्णय आहे. ते म्हणेल ते.”

सातच्या सुमाराला उतरलो. त्याच तारखेचा दुसरा सूर्योदय. कागदावर प्रवास तीन तासांचा, पाय मात्र सुजून बुटात मावेनात. इमिग्रेशनच्या रांगेत आणखी तास गेला. त्यात आम्हा पुणेकरांना आधी दिल्ली गाठायची, मग तिथे अर्धी रात्र खुर्चीवर काढायची. तो वेळ कुठल्याच वेबसाइटच्या हिशेबात नसतो. येताना मात्र सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्ली. फुकट मिळालेला सोमवार तेव्हा वसूल होतो.