वर्ष पहिले, अंक पहिला

परवा दुपारी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना महाविद्यालयीन वर्तमानपत्राच्या सायक्लोस्टाइल अंकांचा एक गठ्ठा हाती लागला. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी माळ्यापर्यंत पोहोचले नाही. ओल मात्र पोहोचली, आणि गठ्ठा फुगून पापडासारखा वाळला. रद्दीवाल्याने तो तराजूतून काढून ठेवला. "भिजून वाळलेली रद्दी घेत नाय, ताई."

आम्ही मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने अक्षर कोरत असू आणि ती सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवून प्रती काढत असू. हात जरा जड पडला की 'ण' आणि 'ळ' यांची पोटे फाटत आणि कागदावर शाईचे ठिपके उतरत. चूक बुजवायच्या लाल द्रावणाला नेलपॉलिशचा वास येई. कार्यालय सुटल्यावर शिपाईमामा यंत्राची किल्ली देत, ती बहुधा चहाच्या मोबदल्यात. अजूनही कुठे फलक दिसला की त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मनातल्या मनात दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हे अंक मी जमवले होते ते आमच्या वर्तमानपत्राचा इतिहास लिहिण्यासाठी. तो लिहून झाला नाही, कारण गठ्ठ्यात नावे चार निघाली आणि चारही नावांखाली 'वर्ष पहिले, अंक पहिला' असेच छापलेले होते. हार्वर्डचे विद्यार्थी १८७३ पासून एकच पत्र चालवीत आले आहेत. ते आधी 'मॅजेंटा' होते आणि १८७५ मध्ये किरमिजी हा महाविद्यालयाचा रंग ठरल्यावर 'क्रिम्झन' झाले, पण पत्र तेच राहिले. आमच्याकडे मात्र नवा संपादक आला की आधीच्या मंडळींचे नाव त्याला जुनाट वाटे. मी तरी काय वेगळे केले? चौथे नाव माझेच आहे, आणि ते सुचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्या अंकाच्या शेवटच्या पानावर वसतिगृहाला आठ दिवस पाणी आले नसल्याची बातमी आहे आणि तिच्या खाली, माझ्याच अक्षरात, 'सविस्तर वृत्त पुढील अंकी'. पुढील अंक निघाला नाही. पाणी केव्हा आले, ते आता आठवत नाही.