तुम्ही विचारलंत म्हणून: तो पोर्तुगीज माझा कोण?

‘गोंयकार असून पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षाचं एवढं कौतुक कशाला?’ लग्नात विचारतात, मयताला विचारतात, फोंड्याच्या बसस्टँडवर तर हमखास. एकदाच सांगून टाकतो.

मानुएल तेशैरा गोमिश. पोर्तिमांवचा, सुक्या अंजिरांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेडिकल अर्धवट सोडलं, पुस्तकं लिहिली, १९२३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. १९२५मध्ये लष्कराचे दोन उठाव फसले, सरकारं मात्र पडतच राहिली. डिसेंबरात त्याने राजीनामा दिला, कारण म्हणे तब्येत. आठवड्याभरात डच मालवाहू बोटीवर चढला, तो परत आलाच नाही. अल्जेरियातल्या बूजीत हॉटेलच्या खोलीत दहा वर्षं काढून १९४१मध्ये तिथेच वारला.

सव्वीस वर्षांचा असताना हे मी एका वाचनालयात झोकात सांगितलं. ‘खुर्ची सोडावी तर अशी!’ हे वाक्य आरशासमोर घोकून गेलो होतो. पहिल्या रांगेत मुक्तिलढ्यात मार खाल्लेले एक काका होते. उजव्या हाताची दोन बोटं वळत नसत. टाळ्या थांबल्यावर काठी टेकत उठले. ‘पुता, सगळं सांगितलंस. त्याच्या त्या दोन वर्षांत गोव्यात काय चाललं होतं, तेवढं राहिलं.’

मला एक ओळ सांगता आली नाही. चहा आला. त्यांनी स्वतःची दोन बिस्किटं माझ्या बशीत ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ती बिस्किटं काही गिळवेनात.

मग नाद सोड, म्हणाल. पण पोर्तुगालात राजेशाही जाऊन आलेल्या १९१०च्या प्रजासत्ताकानेच इथल्या हिंदूंना कायद्याने ख्रिस्तांवांच्या बरोबरीला आणलं. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी आली ती त्यानंतर. उपकार म्हणून नाही सांगत. गोवा सोडायचा विचार त्या प्रजासत्ताकालाही शिवला नव्हता, हे मला कळतं.

तेव्हा वाटायचं, तो सुटला. साठीत वाटतं, पळाला. तो गेल्यावर सहा महिन्यांच्या आत, २८ मे १९२६ला, लष्कराने प्रजासत्ताकच मोडलं, पुढे हुकूमशहा सालाझार आला. राहिला असता तर थोपवलं असतं? नाही वाटत. मग जाण्यात काय चुकलं? हे मी बायकोलाही पटवू शकलेलो नाही.

काका कधीच गेले. त्यांच्या प्रश्नासाठी वही घातली होती, त्याच्या सव्वीस महिन्यांची, महिन्याला एक पान. बरीच पानं अजून कोरी आहेत.