क्लचची वायर शोधली, ती नव्हतीच

गोव्याहून येताना चोरला घाट चढलो, कणकुंबी मागं पडली आणि एका वळणावर क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकानं उचललं, चार-पाचदा भराभर दाबलं, तेव्हा कुठं दुसरा गिअर पडला. बाहेर धो धो पाऊस, मागं गाड्यांची रांग. मी धरून चाललो, क्लचची वायर तुटली.

आधीच्या छोट्या गाडीची तुटली होती ना! बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ. पण ती सांगून तुटली होती. दोन महिने पेडल जड होत चाललं होतं आणि मी डाव्या गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. मग एक दिवस ‘टक्’. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, तसाच स्टार्टर मारला आणि पहिल्याच गिअरवर उद्यमबाग गाठलं. वायर नवी पडली, नट फिरवून पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, बसवला, अर्ध्या तासात काम संपलं.

या वेळी जांबोटीमार्गे खानापूर कसंबसं गाठलं. मेस्त्रीनं पेडल एकदा दाबून निकाल दिला, “प्लेट होगैत्री.” क्लचप्लेट गेली, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, खर्च १४ हजार. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात मेहुण्याला फोन लावला. तो मच्छेला हायड्रॉलिकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात आहे.

“दाजी, प्लेट गेली असती तर चढाला इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी ओढली नसती. तुमची चढली की! गिअर पडंना झालाय. तेल बघितलं काय?”

कसलं तेल? बॉनेट उघडून मी वायर शोधत होतो. मारुती ८०० मध्ये कशी रबरी आवरणातली वायर गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला येऊन मिळते, टोकाला आटे आणि नट. इथं तसलं काहीच नव्हतं, या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालणारा. एक बारीक लोखंडी नळी, आणि ब्रेक ऑइलच्या डबीतूनच क्लचकडं गेलेला एक फाटा. डबीतलं तेल त्या फाट्याच्या तोंडाखाली उतरलेलं. फाटा डबीच्या तळाला नसतो, बराच वर असतो. म्हणून क्लचचं तेल गळलं तरी ब्रेकपुरतं खाली शिल्लक राहतं. हे कळल्यावर घाट आठवून अंगावर काटा आला.

रविवारी मेहुणा आला. पेडलमागचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बाहेरून कोरडा होता, तिथं गळती नव्हती. त्या तेलाच्या दाबानं क्लच हलवणाऱ्या, गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर मागं सारलं, तर आतून तेल ठिबकलं. सील गेलं होतं. सीलचं किट बदललं, मग हवा काढायची. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा शिरली की पाय नुसता हवाच दाबतो. तो खाली निपलजवळ, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूजवळ, पारदर्शक नळीचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, मी पेडलवर. “दाबा. धरा.” तो निपल सैल करी, कोऱ्या चहासारखं काळं तेल बुडबुड्यांसह येई, तो निपल आवळी, मग “सोडा”. एकदा मी आधीच पाय उचलला, हवा परत आत गेली आणि खालून अस्सल बेळगावी शिवी ऐकू आली, दाजीपणा विसरून.

बुडबुडे थांबले तसं पेडल पायाखाली घट्ट झालं. आता महिन्यातून एकदा डबी बघतो. झाकणावर ब्रेक ऑइलचा कुठला प्रकार, डॉट ३ की डॉट ४, लिहिलाय ते वाचूनच भरतो, कारण इंजिन ऑइलनं सील फुगतात. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं. आमच्या खानापूरच्या पावसात तर हयगय नकोच.

त्या दिवशी मडगार्डवर दोन थेंब सांडले होते, ते लगेच पाण्यानं धुवायचं राहिलं. रुपयाएवढा रंग फुगून निघाला. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढंच दाखवते.