हॅवर डी ग्रेसची लाकडी बदकं

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरहून उत्तरेला तासाभराच्या आत हॅवर डी ग्रेस येतं. सस्क्वेहॅना नदी चेसापीक उपसागराला मिळते, त्या मुखावरचं हे टुमदार गाव. १८२७ सालचं बुटकं दीपगृह झटपट बघून झालं. आम्ही आलो होतो ते डिकॉय म्युझियमसाठी.

डिकॉय म्हणजे शिकाऱ्याचं लाकडी बदक. ते पाण्यावर सोडायचं, की वरून जाणारा थवा आपलीच मंडळी समजून खाली उतरतो. इथल्या उथळ पाण्यात पाणगवत माजायचं आणि ते खायला तांबूस डोक्याची, पांढऱ्या पाठीची कॅनव्हासबॅक बदकं यायची. शिकारी ‘सिंकबॉक्स’मध्ये, म्हणजे जवळजवळ काठापर्यंत पाण्यात बुडवलेल्या पेटीत, उताणा पडून राहायचा. भोवती शेकडो लाकडी बदकं, आणि पेटी खाली दाबून धरायला काही चक्क ओतीव लोखंडाची! १९३५ मध्ये सरकारने या पेटीवर बंदी घातली. बरंच झालं.

या गावचे नावाजलेले कारागीर आर. मॅडिसन मिचेल. अंत्यविधीची व्यवस्था पाहणं हा त्यांचा व्यवसाय होता, आणि जोडीला बदकं. (सिंकबॉक्स दिसतो शवपेटीसारखाच, हे आमच्यातल्या एकीने लगेच बोलून दाखवलं.)

माझा सगळा वेळ गेला तो जुन्या धाटणीची बदकं रंगवणाऱ्या एका आजोबांपाशी. धड पाइनचं, डोकं वेगळं कोरून बसवलेलं. पिसंन्‌पिसं कोरायची नाहीत. थव्याला वरून दिसतो तो आकार आणि काळ्या-पांढऱ्याचे ठळक पट्टे. आधी एक रंग, तो वाळला की वर दुसरा, मग बदक वापरून झिजल्यासारखं दिसावं म्हणून सँडपेपर. पण घासायचं कुठे? आजोबांनी हातातलं बदक फिरवून दाखवलं. पोत्यात एकमेकांवर आपटून चोच, माथा आणि शेपटी झिजते, तिथे लाकूड दिसू द्यायचं. बदक पाण्यात जागेवर धरणाऱ्या नांगराची दोरी मानेला गुंडाळून ठेवत, म्हणून तिथे काच पडतो. शेवटी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, फासून लगेच पुसायचा. खाचांत राहतो तेवढाच मळ खरा वाटतो. दुकानांतली अंगभर सारख्या भेगा पाडलेली ‘अँटिक’ बदकं मला त्यानंतर बघवेनात. वापर असा सगळीकडे सारखा होतो का?

शिवाय खरी जुनी बदकं मालक हंगामाआधी पुन्हा रंगवत, त्यामुळे मूळ रंग टिकलेलं बदक दुर्मीळ आणि महाग. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रॉवेल यांनी घडवलेले दोन पक्षी २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख डॉलरच्या वर विकले गेले. म्हणूनच की काय, आजोबा प्रत्येक बदकाच्या पोटावर आपलं नाव आणि चालू साल खोल कोरतात. “रंगाने लिहिलं तर कोणीतरी घासून काढेल आणि शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून विकेल,” असं म्हणत त्यांनी पुढचं बदक उपडं केलं.