घरीच असतेस ना, मग कसं जमतं?

हा प्रश्न मला लोक दोन सुरांत विचारतात. एक कौतुकाचा, "दोन मुलं, घरून काम, वर घरही बघतेस, कसं जमवतेस गं?" दुसरा सूर घरात पाऊल टाकून इकडेतिकडे नजर फिरवल्यावर लागतो. "दिवसभर घरीच असतेस ना?" एवढंच, पुढचं वाक्य गिळलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते, यापुढे कोणी विचारलं तर हेच पाठवीन.

जमत नाही. खरं उत्तर हेच आहे, पण ते कोणाला नको असतं, लगेच "अगं मशीन आहे, मिक्सर आहे, मावशी येतात" सुरू होतं. मावशी येतात, हो. केर-फरशी आणि भांडी त्यांच्याकडे, त्या नसत्या तर माझं एकही काम वेळेत झालं नसतं हे लिहून देते. मशीन रात्री जेवणं झाल्यावर लावते, सकाळी दूध तापेपर्यंत कपडे वाळत पडतात, पण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या आमच्याकडे होत नाहीत. दिवाणावर ढीग असतो, ज्याला जे लागेल ते त्याने उपसून घ्यायचं, पाहुणे येणार असं आधी कळलं तर त्याच ढिगाचं चादरीत गाठोडं करून बेडरूममध्ये. कुकर क्लायंटच्या कॉलच्या आधी नाहीतर नंतर, कारण मध्येच शिट्टी झाली की समोरचा हसून म्हणतो "मॅडम, जेवणाची वेळ झाली वाटतं" आणि त्यानंतर मी टॅक्सबद्दल काहीही सांगितलं तरी त्याला ते फोडणी देता देता सांगितल्यासारखं वाटतं. मुलगी तिसरीत आहे, पाण्याच्या बाटल्या भरते, ताटं घेते. मुलगा ज्युनिअर केजीत, तोही मदत करतो. त्याने मटार सोलले की सोफ्याखाली झोपून मीच ते गोळा करते.

मी एका सीएंच्या ऑफिसचं जीएसटीचं काम करते, पुण्यात धायरीतल्या टू बीएचकेमधून. आमचा महिना तारखांवर चालतो, 7 ला टीडीएस म्हणजे कापलेला टॅक्स भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचा तपशील, 20 ला 3बी म्हणजे महिन्याच्या जीएसटीचं रिटर्न. संकष्टी विसरेन, 20 तारीख नाही. लॉकडाऊननंतर ऑफिसने घरूनच करा म्हटलं तेव्हा मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं, रंगीत पेनांनी, मुलांचा अभ्यास हिरवा, ऑफिस निळं, स्वयंपाक लाल. त्या बाईचा मला आता राग येतो. तिला वाटायचं अडचण वेळ बसवण्याची आहे, नीट बसवला की झालं. आणि खरं सांगू का, रविवारी संध्याकाळी मलाही अजून तसंच वाटतं.

आता आत्यांचं. नात्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे पण अर्धंच, म्हणून सगळं सांगते.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, 20 तारीख. सोसायटीची मोटर जळाली होती. मावशी सकाळी आल्या, नळ उघडून बघितला, "संध्याकाळी येते" म्हणून गेल्या. सिंकमध्ये रात्रीची आणि सकाळची भांडी, सगळ्यात वर दुधाचं पातेलं, कडेने खरवड धरलेलं. बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी भरून ठेवलं होतं, तेवढंच. दुपारी मुलं घरी आली, धाकट्याचं नाक गळतंय. एक हार्डवेअरवाले क्लायंट लग्नाला गावी गेलेले, त्यांचं 3बी राहिलेलं, ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर जातो आणि तिथे रेंज नाही. अशात बेल वाजली. दारात नवऱ्याच्या आत्या, सत्तरी ओलांडलेल्या, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन रिक्षाने एकट्याच आलेल्या. "म्हटलं तू घरीच असतेस, फोन कशाला करायचा."

पाया पडले, पाणी दिलं, पत्रिका देवापुढे ठेवली, चहा टाकला आणि फोन वाजला, गावाकडे रेंज आली होती. "आत्या, पाचच मिनिटं हं" म्हणून आत गेले, दार लोटून घेतलं. पाच मिनिटं नव्हती हे तेव्हाच माहीत होतं. ओटीपी आला, त्यांनी चष्मा नसल्यामुळे चुकीचा सांगितला, परत पाठवला, फोन कट झाला, परत लावला, पलीकडे सनई चालू. चहा गॅसवर आहे हे आठवलं तोवर आत्यांनी तो गाळलाही होता. आणि मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला, स्टीलच्या ताटल्या एकावर एक ठेवल्याचा. मला लगेच कळलं. खुर्चीतूनच ओरडले, "आत्या, राहू द्या हो, मावशी येणार आहेत!" तिकडून आवाज आला, "असू दे गं, दोनच आहेत."

दोन नव्हती. आणि मी उठले नाही. कानात "मॅडम, चार... नाही नाही, सात", समोर तो ओटीपीचा रिकामा चौकोन, आणि मी बसून राहिले.

बाहेर आले तेव्हा ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली, दुधाचं पातेलं घासून लख्ख, आत्यांचा पदर खोचलेला, धाकटा स्टुलावर उभा राहून वाटीने पाणी ओततोय. दोन्ही बादल्या रिकाम्या. आधी काय वाटलं ते सांगते, लाज नाही वाटली, बादल्यांचा राग आला. लाज नंतर, त्यांना रिक्षात बसवताना.

आठवड्याभरात ते फिरून माझ्याकडे आलं, जाऊबाईंनी सांगितलं. सून आत कॉम्प्युटरवर बसली आणि म्हातारीला भांडी घासायला लावली. आत्या स्वतः असं बोलल्या का पुढच्यांनी वाढवलं, हे मी विचारलं नाही. सासूबाई लग्नात एवढंच म्हणाल्या, "तू घरी असतेस म्हणून आली गं ती." नवऱ्याचं म्हणणं, "3बी उशिरा गेलं तर दिवसाला 50 रुपये लेट फी, उठायचं ना." हिशेब बरोबर आहे त्याचा, 50 रुपये आणि न भरलेल्या टॅक्सवर 18 टक्क्यांनी व्याज, एका दिवसाचं असं कितीसं होतं. पण त्याच क्लायंटचं आधीच्या महिन्यात उशिरा गेलं होतं आणि पुन्हा गेलं असतं तर "घरून होत नसेल तर ऑफिसला या" हे ऐकावंच लागलं असतं. ऑफिसला गेले तर मुलं कुठे? कायद्याने 2017 पासून 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर लागतं, आमच्या ऑफिसात चहावाला धरूनही वीस होत नाहीत. आणि त्या दिवशी नवरा हिंजवडीला होता, त्याच्या ऑफिसात पत्रिका द्यायला कोणी गेलं नाही, गेलं असतं तरी तिथले कप धुवायला लागलं नसतं. लग्न त्याच्या मामेबहिणीच्या... नाही, आत्येभावाच्या मुलीचं होतं, म्हणजे त्याच्याकडचंच.

त्याच महिन्यात सरकारच्या 2024 च्या वेळेच्या सर्वेक्षणाचे, म्हणजे कोणाचा दिवस कशात जातो त्याचे, आकडे आले. घरात काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष 88, आणि हे 88 पण जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचेच. नवऱ्याला पाठवलं, त्याने अंगठा पाठवला. रात्री म्हणाला, माझी 88 होत असतील की. 2020 मध्ये होत होती, हे मान्य करते, तेव्हा रोज भांडी तोच घासायचा आणि माझ्यापेक्षा चांगली घासायचा. ऑफिस सुरू झालं तशी मावशी नसतील तेव्हाची भांडी माझ्याकडे आली, कोणी ठरवलं नाही, कोणी बोललं नाही. 2019 च्या सर्वेक्षणात आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ.

फ्रिजवाली बाई त्या दिवशी उठली असती, खात्रीने. आत्यांशी गप्पा मारल्या असत्या, पोहे केले असते, रात्री दोनपर्यंत जागून उरलेली कामं केली असती आणि दुसऱ्या दिवशी मुलांवर ओरडली असती. कधी वाटतं तिचंच बरोबर होतं, सत्तरीच्या बाईने आपल्या घरी भांडी घासावी हे शोभतं का. कधी वाटतं उठले असते तर परत उठावं लागलं असतं, दर वेळी. आणि परत तसंच झालं तर मी काय करीन? आज विचाराल तर एक सांगेन, 20 तारखेला विचाराल तर दुसरं.

वेळापत्रक काढून टाकलं, तिथे आता शाळेच्या व्हॅनवाल्या काकांचा नंबर आहे. बाकी तुम्ही या, जरूर या, फक्त आधी फोन करा आणि 20 तारीख टाळा. नाहीच टाळता आली तर चहा तुम्हालाच करून घ्यावा लागेल, साखर मुंग्यांमुळे वरच्या फळीवर ठेवली आहे. भांड्यांना हात लावू नका.